वाचकांचे प्रश्न : सीमा ओलांडायची नाही, तरी चौकी लागते

पहिलं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ६८, पत्नीचं ६४. आम्ही मुलाकडे ह्यूस्टनला आलो आहोत. मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, सून एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, नातू पाच वर्षांचा, इथेच जन्मलेला. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी गाडीने सॅन डिएगोपर्यंत जायचं ठरलं आहे, वाटेत बिग बेंड आणि व्हाइट सँड्स ही राष्ट्रीय उद्यानं बघून. मुलाचा एक मित्र म्हणाला, त्या रस्त्यांवर सीमेचे पोलीस गाड्या थांबवतात आणि कागद विचारतात. आम्ही मेक्सिकोत पाऊलही टाकणार नाही, मग सीमेची चौकी लागेलच कशी? पासपोर्ट हरवायला नको म्हणून ते घरी कुलपात ठेवून फक्त झेरॉक्स बरोबर घ्यायचा विचार होता. पत्नीला इंग्रजी फारसं बोलता येत नाही. ती आता म्हणते, मला यायचंच नाही. काय करावं?

उत्तर

काका, काकूंना सांगा की तुम्ही यायचंच. आणि हे वाचून झालं की आधी ते पासपोर्ट कुलपातून बाहेर काढा.

मी २१ वर्षं न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसला राहते. मेक्सिकोची हद्द इथून गाडीने तासाभरावर. गावाबाहेर उत्तरेला निघालं की चौकी, पश्चिमेला निघालं की चौकी. मुलगी अल्बुकर्कीला शिकते, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी आय-२५ या हायवेवरच्या चौकीसमोर काच खाली करते. बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात पुढे जाते. तरी काकूंची भीती मला कळते, कारण तीच भीती मी माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर पाहिली आहे, आणि त्या दिवशी चूक माझी होती.

ते २००९ साल. सासू-सासरे आले होते. जवळच्याच एका उद्यानात वाळूच्या टेकड्या बघायला नेलं, जायला तास, यायला तास. दुपारच्या सहलीला कशाला हवेत पासपोर्ट, म्हणून मी ते घरातल्या ड्रॉवरमध्येच ठेवले. परतताना चौकी लागली. अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, नागरिक आहात का? नाही म्हटलं. मग पासपोर्ट दाखवा. आम्ही बाजूला गाडी लावली. नाव, जन्मतारीख, कोणत्या विमानाने आलात, कधी आलात, सगळं विचारून त्यांनी नोंदी शोधल्या. कोणी आवाज चढवला नाही. पण दोन तास गेले. सासूबाई बाकावर बसून होत्या, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. मला हळूच म्हणाल्या, "आपण काय केलं गं?" आपण काहीच केलं नव्हतं. फक्त कागद घरी होते. तेव्हापासून पाहुणा कोणीही असो, गाडी सुरू करण्याआधी मी पासपोर्ट मोजते.

तुमचा मुख्य प्रश्न, की सीमा ओलांडायची नाही तर चौकी कशी. विमानतळावर किंवा सीमेच्या पुलावर तुमच्या पासपोर्टवर शिक्का मारणारे अधिकारी निळ्या गणवेशातले. रस्त्यावर भेटतील ते हिरव्या गणवेशातले, बॉर्डर पेट्रोलचे. हे दल १९२४ पासून आहे. सीमा चुकवून आत आलेला माणूस पुढे मोठ्या हायवेने शहरांकडे निघतो, म्हणून त्याला तिथे गाठायचं, अशी कल्पना. त्यासाठी सीमेपासून साधारण २५ ते १०० मैल आत, देशाच्या पोटात, या चौक्या उभ्या आहेत. काही कायमच्या, छप्पर आणि कॅमेरे असलेल्या. काही तात्पुरत्या, चार शंकू आणि एक गाडी. गाडीत बसलेल्या प्रत्येकाला तिथे थोडा वेळ थांबवून नागरिकत्व विचारायला कसल्याही संशयाची गरज नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये दिला. म्हणजे तुम्हाला थांबवलं तर ते तुमच्या रंगाकडे बघूनच, असं लगेच मनाला लावून घेऊ नका. त्या लेनमधली प्रत्येक गाडी थांबते.

आता तुमचा रस्ता. इथे दिशा समजून घेणं फार उपयोगाचं आहे, कारण या चौक्या सीमेपासून दूर, आतल्या भागाकडे जाणाऱ्या लेनवर असतात. ह्यूस्टनहून आय-१० ने पश्चिमेला येताना फोर्ट स्टॉक्टनपर्यंत कोणी अडवणार नाही. तिथून दक्षिणेला बिग बेंडकडे उतरतानाही नाही. अडवतील ते बिग बेंडमधून बाहेर पडताना. पार्कमधून उत्तरेला येणारे तीन रस्ते आहेत, मॅरेथॉनकडे यूएस ३८५, अल्पाइनकडे टेक्सास ११८, आणि नदीकाठच्या रस्त्याने प्रेसिडिओला जाऊन मार्फाकडे यूएस ६७. तिन्हींवर चौकी लागते, त्यामुळे तिला चुकवणारा रस्ता शोधण्यात वेळ घालवू नका. पुढे एल पासो ओलांडून लास क्रूसेसला या. तिथून यूएस ७० ने व्हाइट सँड्सला जाताना काही नाही, पार्क बघून परतताना चौकी. मग आय-१० ने पश्चिमेला निघालात की लास क्रूसेसपासून वीसेक मैलांवर आणखी एक. कॅलिफोर्नियात आय-८ वर सॅन डिएगोच्या अलीकडे डोंगरात पाइन व्हॅलीजवळ अजून एक. आणि परत ह्यूस्टनला येताना एल पासोच्या पूर्वेला आय-१० वर सिएरा ब्लांकाची मोठी चौकी. जाताना ती तुम्हाला पलीकडच्या लेनवर दिसेल. तिथे काकूंना बोट दाखवून सांगा, येताना इथे थांबायचं आहे. आधी लांबून पाहिलेल्या गोष्टीची भीती कमी वाटते, हा माझा अनुभव आहे.

पाऊस फार असेल किंवा गाड्यांची रांग वाढली तर कधी कधी चौकी बंद असते आणि सगळ्यांना नुसतं पुढे जाऊ देतात. पण ती बंद असेल या आशेवर निघू नका.

आय-८ ने कॅलिफोर्नियात शिरताना युमाच्या पुढे अजून एक थांबा लागतो, तो वेगळा. ती राज्याच्या शेतीखात्याची तपासणी. फळं, रोपं, माती आणली का एवढंच विचारतात, पिकांवर कीड येऊ नये म्हणून. तिथे पासपोर्ट काढायची गरज नाही. संत्री असतील तर सांगा, ठेवून घेतील, बस.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढं लांबवते आहे ते. काका, चौकीवर अधिकारी बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, घाईत, गाडीच्या आवाजात, कधी कधी खिडकीत पुरतं न वाकता. "यूएस सिटिझन्स?" किंवा "एव्हरीबडी यूएस सिटिझन?" आणि आपली माणसं काय करतात? आपल्याला समोरच्याचं बोलणं नीट कळलं नाही की आपण हसून मान डोलावतो. "येस, येस" म्हणतो. ते आपल्याकडे आदराचं असतं, "हं, ऐकतोय" एवढाच त्याचा अर्थ. इथे त्याचा अर्थ होतो, मी अमेरिकेची नागरिक आहे. अमेरिकेचा नागरिक असल्याचा खोटा दावा करणं ही इथल्या स्थलांतर कायद्यातल्या सगळ्यात जड चुकांपैकी एक आहे. १९९६ च्या कायद्याने ती इतकी कडक केली, की तो ठपका बसला तर पुढे या देशात येण्याचं दार कायमचं बंद होऊ शकतं, आणि त्यातून माफी मिळण्याची वाट जवळजवळ नाहीच. समज चुकीची झाली हे नंतर पटवून देता येतं, पण तो खटाटोप कोणावर येऊ नये.

म्हणून घरीच सराव करा. खरंच करा, जेवणाच्या टेबलावर बसून. मी माझ्या आईकडून करून घेतला होता. ती पहिल्यांदा लाजली, मग तिला तो खेळच वाटायला लागला. काकूंना दोन वाक्यं पुरे आहेत. "आय ॲम इंडियन सिटिझन." "व्हिजिटर." तेवढं म्हणायचं आणि पासपोर्ट पुढे करायचा. प्रश्न कळला नाही तर मान हलवायची नाही. "नो इंग्लिश, माय सन" म्हणून मुलाकडे बोट दाखवायचं. मुलाने सगळ्यांच्या वतीने एकदम "येस" म्हणायचं नाही. त्याने असं सांगावं, की मी एच-१बी, बायको एच-४, आईवडील इंडियाहून भेटायला आलेत, मुलगा यूएस सिटिझन. पाचही जणांचं वेगवेगळं. एवढ्या एका वाक्याने निम्मे प्रश्न संपतात.

कागद कोणते. तुमचे आणि काकूंचे मूळ पासपोर्ट, व्हिसाच्या पानासह. त्यात आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश दिल्याच्या नोंदीची, छापील प्रत. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांना कागदी आय-९४ मिळत नाही, पण नोंद सरकारी वेबसाइटवर असते, मुलाला दोन मिनिटांत काढता येईल. ती छापून प्रत्येकाच्या पासपोर्टमध्ये घडी करून ठेवा. आणि त्यावरची "ॲडमिट अंटिल" ही तारीख स्वतः वाचा. तुमच्या पासपोर्टवर बहुधा दहा वर्षांचा व्हिसा असेल आणि त्यामुळे मन निर्धास्त असेल. पण व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. घरात किती दिवस राहायचं ते आय-९४ सांगतो, आणि तो आईवडिलांना सहसा सहा महिन्यांचा मिळतो. चौकीवर बघतात ती ही तारीख. उलटंही खरं आहे. मुलाच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असला, पण आय-९४ आणि आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याचं सरकारी पत्र) चालू असेल, तर त्याचं इथलं राहणं कायदेशीरच आहे. म्हणून त्याने पासपोर्टबरोबर आय-७९७ ठेवावा, सुनेनेही तिचा.

झेरॉक्स चालत नाही. १९५२ च्या कायद्यातलं कलम आहे, १८ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाने आपला नोंदणीचा कागद सदैव अंगावर बाळगायचा. न बाळगणं हा गुन्हा आहे, त्याला दंड आणि ३० दिवसांपर्यंत कैद लिहिलेली आहे. कित्येक वर्षं हे कलम कोणी फारसं मनावर घेत नव्हतं. ११ एप्रिल २०२५ पासून परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे नवे नियम लागू झाले, तेव्हा सरकारने हेही पुन्हा बजावलं. म्हणजे २००९ मध्ये मला जो ढिलेपणा दोन तासांवर सुटला, तो आज कोणी करू नये.

हरवायची भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. त्यावर माझा उपाय असा. छोटी कापडी पिशवी, शर्टाच्या आतून गळ्यात किंवा कमरेला. तुमची तुमच्याकडे, काकूंची काकूंकडे. सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत आणि ती पिशवी डिकीत बॅगांच्या खाली, असं नको, कारण अधिकारी समोर उभा असताना गाडीतून उतरून डिकी उपसणं हे दोघांनाही अवघड. तुम्ही ज्या झेरॉक्स काढल्यात त्या वाया जाणार नाहीत. एक संच सुटकेसमध्ये, एक घरी कुलपात, आणि फोटो मुलाच्या फोनमध्ये. मूळ प्रत हरवली तर भारतीय वकिलातीत नवीन पासपोर्ट मागताना त्या कामाला येतात. ह्यूस्टनलाच आपला वाणिज्य दूतावास आहे.

लेनमध्ये शिरताना मुलाने वेग कमी करावा, रात्र असेल तर मोठे दिवे बारीक करावेत, गाडीतला आतला दिवा लावावा. मागच्या काचा काळ्या असतात, त्याही खाली करा म्हणजे मागे बसलेले दिसतात. काळा चष्मा काढा. कोणी गाडीतून उतरायचं नाही. काकूंच्या मांडीवर नातू झोपला असेल तर, अर्थात तो त्याच्या सीटमध्येच हवा, पण झोपला असेल तर उठवू नका, त्याची काही गरज नसते.

कुत्रा असतो बहुतेक ठिकाणी. गाडीभोवती चक्कर मारतो. कुत्र्याने बाहेरून हुंगणं म्हणजे झडती नव्हे, असं कोर्ट मानतं. पण गाडीच्या आत झडती घ्यायची तर त्यांना तुमची संमती लागते किंवा ठोस कारण. हे १९७५ च्या निकालाने ठरलं आहे. "डिकी उघडता का?" असं विचारलं तर ती विनंती आहे, नाही म्हणायचा हक्क मुलाला आहे. मी स्वतः उघडून दाखवते, बॅगांशिवाय काही नसतं. कोणी तत्त्वासाठी नको म्हणत असेल तर मला त्याचाही आदर आहे. प्रश्नांना उत्तर न देण्याचाही हक्क सांगितला जातो. पण व्हिसावर असलेल्या माणसाला कागद बाळगायचंच बंधन आहे, तेव्हा गप्प राहून वेळ वाढवण्यापेक्षा दोन खरी उत्तरं देऊन पुढे जावं, असं माझं मत. खरं आणि थोडं. कुठून आलात विचारलं तर बिग बेंडहून. कुठे चाललात तर एल पासोला. तिथल्या सूर्यास्ताचं वर्णन नको.

कुत्र्यावरून आठवलं, हे मुलाला आवर्जून विचारा. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कॅलिफोर्निया या राज्यांत गांजा दुकानात मिळतो. गुडघेदुखीवर म्हणून, झोपेसाठी म्हणून त्याच्या गोळ्या, मिठाईसारख्या गमी, तेल, मलम असं काय काय आईवडिलांना प्रेमाने दिलं जातं. माझ्या ओळखीत दिलं गेलं आहे. राज्यात चालत असलं तरी केंद्राच्या कायद्यात तो अमली पदार्थच आहे, आणि चौकी केंद्राची आहे. अमेरिकन माणसाचा माल जप्त होऊन तो सुटेल, पण व्हिसावरच्या माणसाच्या कागदांना त्याचा डाग लागतो. गाडीत काहीही नको, आधीच्या भाडेकरूने विसरलेलंसुद्धा नको. गाडी भाड्याची असेल तर सीटखाली हात घालून बघा. तुमची रक्तदाबाची, साखरेची औषधं मात्र निर्धास्तपणे न्या, मूळ डबीत, चिठ्ठीसह.

अजून दोन गोष्टी, मग थांबते. एल पासोमध्ये आय-१० अगदी हद्दीला खेटून जातो, खिडकीतून पलीकडचं हुआरेझ शहर दिसतं. तिथे फोन मेक्सिकोचं नेटवर्क पकडतो आणि "वेलकम टू मेक्सिको" असा मेसेज येतो. काकू दचकतील. तुम्ही कुठेही गेलेले नसता, फोन विमान मोडवर टाका. पण सॅन डिएगोला खरोखर चुकून पलीकडे जाता येतं. आय-५ ने दक्षिणेला गेलं की "लास्ट यूएसए एक्झिट" अशी पाटी येते. सीमेलगत मोठा आउटलेट मॉल आहे, त्याचा एक्झिट तोच. तो सुटला की वळायला जागा नाही, सरळ तिहुआना. परत यायचं तर सॅन इसिद्रोची रांग, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सीमानाक्यांपैकी एक. तिथे तुमची नव्याने प्रवेशाची तपासणी होते, आणि मुलाच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर ते प्रकरण वकिलापर्यंत जाऊ शकतं. तसंच बिग बेंडमध्ये बोकियास नावाची जागा आहे, तिथे लहान होडीतून रिओ ग्रांदे ओलांडून पलीकडच्या गावात जाता येतं. होडी पाच मिनिटांची, नदी उथळ, गाव गोड. पण ते देश सोडून जाणंच आहे. तुमच्या मुलाने आपला व्हिसा बघितल्याशिवाय त्या होडीत बसू नये.

व्हाइट सँड्सला सूर्यास्ताला पोहोचा, काका. डिसेंबरात वाळू थंडगार असते आणि संध्याकाळी ती आधी गुलाबी, मग निळसर होते. काकूंना अनवाणी चालायला सांगा.

दुसरं पत्र

आम्ही डॅलसला राहतो. नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मी एच-१बीवर, मुलगी चार वर्षांची, इथलीच. स्प्रिंग ब्रेकमध्ये साउथ पाद्रे आयलंडला समुद्रावर जाणार आहोत. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवर रिअल आयडीचा, म्हणजे केंद्राच्या नियमांप्रमाणे ओळख तपासल्याचा, तारा आहे. तेवढं पुरेल ना? समुद्रावर पासपोर्ट कुठे सांभाळत बसू?

उत्तर

तारा पुरत नाही, ताई. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठी तो मागतात, तो त्यासाठीच. लायसन्स तुम्ही गाडी चालवू शकता हे सांगतं. तुम्ही आज या देशात कोणत्या हक्काने आहात ते त्यावर लिहिलेलं नसतं. पासपोर्ट, आय-९४, आय-७९७ बरोबर घ्या. नवऱ्याचं ग्रीन कार्ड त्याच्या पाकिटात, मूळ. ग्रीन कार्डवाल्यांना वाटतं की आपण जवळजवळ नागरिकच, आणि तेच कार्ड घरी राहतं.

जाताना कोणी थांबवणार नाही. परतताना यूएस ७७ वर सरिताजवळ किंवा यूएस २८१ वर फॅलफुरियासजवळ थांबाल. आणि बोका चिकाला रॉकेट बघायला वाकडी वाट केलीत, मुलगी हट्ट करेलच, तर हायवे ४ वरून ब्राउन्सव्हिलला परततानाही चौकी असते. लोक ही विसरतात, कारण त्या दिवशी ते पोहायच्या कपड्यांतच गाडीत बसलेले असतात.

मुलगी नागरिक आहे, तिला कायद्याने काहीही बाळगावं लागत नाही. तरी तिच्या पासपोर्टचा फोटो फोनमध्ये असू द्या. समुद्रावर पाण्यात नेता येईल अशी झिप बंद होणारी पिशवी मिळते, ती गळ्यात घालून तुमच्यापैकी एकाने काठावर बसायचं, मग दुसऱ्याने. मी असंच करते.

तिसरं पत्र

आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून आय-९४ संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला. पावती आली आहे, निकाल नाही. मधल्या काळात तारीख उलटली. डॉक्टरांनी आता प्रवासाला हरकत नाही म्हटलं आहे. तिला ग्रँड कॅन्यन दाखवायचं आहे. डॅलसहून एल पासोमार्गे जावं का?

उत्तर

नका जाऊ एल पासोमार्गे. अर्ज वेळेत केलात हे फार चांगलं केलंत. तो प्रलंबित असेपर्यंत तिचं इथलं राहणं बेकायदा राहणं म्हणून मोजत नाहीत. पण हातात चालू तारखेचा आय-९४ नाही, आणि रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या अधिकाऱ्याला हा बारीक फरक समजावत बसायची वेळ नुकतंच ऑपरेशन झालेल्या बाईवर कशाला आणायची?

दुसरा रस्ता आहे. डॅलसहून यूएस २८७ ने अमारिलो, तिथून आय-४० ने सरळ पश्चिमेला, अल्बुकर्की, फ्लॅगस्टाफ. अल्बुकर्कीपासूनच सीमा अडीचशे मैलांवर आहे. बॉर्डर पेट्रोलच्या कायमच्या चौक्या या रस्त्यावर लागत नाहीत, आणि ग्रँड कॅन्यनला जायला तोच सरळ पडतो. कागद मात्र सगळे बरोबर हवेत, कारण बाळगायचा नियम देशभर आहे. पासपोर्ट, जुना आय-९४, अर्जाची पावती, डॉक्टरांचं पत्र, परतीचं तिकीट असेल तर तेही, एका पारदर्शक फोल्डरमध्ये, आईच्या हाताशी. अर्ज केलेल्या वकिलाचा फोन नंबर कागदावर लिहून त्यातच ठेवा, फोनमध्ये नको. त्या वाटेवर मैलोन्‌मैल रेंज नसते आणि बॅटरी संपते.

अमारिलोला मुक्काम करा. एका दिवसात आठ तासांपेक्षा जास्त नको, आणि दर दीड तासाने थांबून आईला गाडीभोवती दोन चकरा मारायला लावा.